उशी, पेडल आणि सहा नॉट : स्वतः बांधलेल्या विमानाच्या एका अपघाताचा अभ्यास

उजव्या चाकाची काळी खूण ३१ मीटर लांब होती. सुरुवातीला बोटभर रुंद, पुढे हळूहळू पंजाएवढी, आणि शेवटी धावपट्टीच्या कडेला, जिथे चाकाचा पाय मोडला, तिथे डांबरात खरवडलेला खड्डा. खुणेत बारीक तिरक्या रेघा होत्या. ब्रेक आवळल्यामुळे घासत गेलेलं चाक आपल्याच दिशेनं सरळ रेघा काढतं. आडवं फरफटत गेलेलं चाक तिरक्या काढतं. मी गुडघ्यावर बसून त्या रेघा बघत होतो आणि माझा मित्र मागे उभा राहून तिसऱ्यांदा तेच सांगत होता, "ब्रेक लागलाच नाही रे. मी पूर्ण दाबला, पण लागलाच नाही."

त्याला खांद्यावर पट्ट्याचा वळ उठण्यापलीकडे काही झालं नव्हतं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. विमान मात्र जबर दुखावलं होतं. मित्राची संमती घेऊनच हे लिहितो आहे. नावं आणि जागा दिलेली नाही, कारण जे समजून घ्यायचं आहे त्याला त्यांची गरज नाही.

विमान दोन आसनांचं, शेजारीशेजारी बसायचं. पंख खाली, सगळं अंग रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, आणि तिसरं चाक नाकाखाली नसून शेपटीला. एका निवृत्त यंत्रकारागिरांनी ते किटमधून आठ वर्षं खपून बांधलं आणि पुढची अकरा वर्षं स्वतः उडवलं. एक ओरखडा नाही. त्यांच्या हाताचं काम मी जवळून पाहिलं आहे. रिव्हेटच्या रांगा पट्टी लावून आखल्यासारख्या, तारांचे जुडगे बांधलेले, प्रत्येक जोडावर रंगाची खूण. वय झालं तसं त्यांनी ते विकायला काढलं आणि माझ्या मित्रानं घेतलं. अपघात झाला तेव्हा विमान त्याच्याकडे येऊन सात आठवडे झाले होते. त्याचा एकूण उड्डाणाचा अनुभव तीनशे तासांच्या आसपास, बहुतेक सगळा नाकाखाली चाक असलेल्या विमानांवर. शेपटीच्या चाकाचं प्रशिक्षण त्यानं नीट १२ तास घेतलं होतं, पण दुसऱ्या, संथ आणि उंच पंखांच्या विमानावर. या विमानावर त्याचे ९ तास आणि २३ उतरणी झाल्या होत्या. जवळजवळ सगळ्या सकाळच्या, वारा पडलेला असताना.

त्या सकाळी

पहिल्या दोन उतरणी सातच्या सुमाराला झाल्या, सुरेख. मी हातात रेडिओ घेऊन धावपट्टीच्या बाजूला उभा होतो. नऊपर्यंत वारा उठला. साधारण १० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), धावपट्टीच्या दिशेपासून डावीकडे ५० अंशांवर. हिशेब केला तर समोरून सुमारे साडेसहा आणि डावीकडून आडवा सुमारे साडेसात नॉट. अवघड हवा मुळीच नव्हती. अशा वाऱ्यात नवशिक्यांना मुद्दाम सरावाला पाठवतात.

वळणं नीट होती, उंची नीट होती. त्याच्या सांगण्याप्रमाणे वेगाची सुई ६५ वर होती, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, पूर्ण उतरवलेले. धावपट्टीवर आल्यावर त्यानं नाक उचललं आणि विमान खाली बसेचना. जमिनीपासून हातभर उंचीवर ते तरंगत राहिलं. धावपट्टीचा पहिला तृतीयांश भाग चाकांखालून निघून गेला. मग त्याचा धीर सुटला आणि त्यानं विमान खाली टेकवलं.

इथे शेपटीच्या चाकाचं गणित लक्षात घ्यावं लागतं. अशा विमानाची मुख्य चाकं पुढे असतात आणि वजनाचा मध्य त्यांच्या मागे. वेग शिल्लक असताना चाकं जमिनीवर आपटली की मागचं वजन खाली जातं, शेपूट पडते, पंखांचा वाऱ्याशी असलेला कोन वाढतो आणि पंख पुन्हा उचलायला लागतात. या विमानाचा पंख उतरण्याच्या स्थितीत ५० नॉटला उचल सोडतो. टेकताना हवेतला वेग ६३ च्या घरात होता, हे नंतर निघालं. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्या क्षणी पंख विमानाच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त उचलू शकत होते. विमान उसळलं, माणूसभर वर गेलं.

त्या उसळीत वाऱ्यानं त्याला उजवीकडे सरकवलं. दुसऱ्यांदा टेकलं तेव्हा विमान पुढे जाता जाता उजवीकडेही घसरत होतं. टायरनं त्या घसरणीला विरोध केला, म्हणजे जमिनीनं चाकांना डावीकडे ढकललं. चाकं वजनाच्या मध्याच्या पुढे, त्यामुळे नाक डावीकडे फिरलं. शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून येणारा वाराही तेच करत होता. गाडा ओढत नेला की तो निमूट मागून येतो, आणि ढकलत नेला की जरा वाकडा झाल्याबरोबर आणखी वाकडा व्हायला बघतो. शेपटीचं चाक असलेलं विमान जमिनीवर कायम ढकलत नेलेल्या गाड्यासारखं असतं. वाकडेपण पहिल्या दोन-पाच अंशांत मोडलं तर मोडतं. त्यापुढे ते स्वतःच वाढत जातं.

मला नाक डावीकडे जाताना दिसलं. रडर, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाचा पायातल्या पेडलनं वळणारा भाग, उजवीकडे वळलेला दिसला. आणि तरीही नाक जातच राहिलं. मग सगळं विमान गर्रकन फिरलं, उजवा पाय आत दुमडला, उजव्या पंखाचं टोक आणि प्रॉपेलर जमिनीला लागले. दुसऱ्यांदा टेकल्यापासून थांबेपर्यंत पाच सेकंद, फार तर सहा. वैमानिकांमध्ये याला ग्राउंड लूप म्हणतात. त्यानं आत बसूनच इंधनाचा कॉक, मॅग्नेटो आणि मास्टर स्विच ओळीनं बंद केले, पट्टा सोडला आणि बाहेर आला. त्या गडबडीत हा क्रम चुकला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

ब्रेक

तपास यंत्रणेला कळवलं. फोटो, मोजमापं झाली आणि हलवायची परवानगी मिळाल्यावर आम्ही विमान हँगरमध्ये आणलं. ब्रेकपासून सुरुवात करणं भाग होतं, कारण त्याचं म्हणणं ठाम होतं आणि वैमानिकाचं म्हणणं आधी तपासायचं असतं, मग खोडायचं.

द्रव पातळीवर होता. गळती कुठेच नाही, नळी शाबूत. पॅडची जाडी पुरेशी, डिस्कवर चरे नाहीत. मोडलेल्या पायासकट चाक उचलून धरलं, मी पेडलचा वरचा भाग, जो दाबला की ब्रेक लागतो, हातानं दाबला आणि मित्राला चाक फिरवायला सांगितलं. हललं नाही. त्यानं दोन्ही हात लावले तरी हललं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग मी काय दाबत होतो?"

हाच खरा प्रश्न होता. धावपट्टीवरच्या तिरक्या रेघाही तेच सांगत होत्या. उजवं चाक आवळलं गेलंच नव्हतं. ते फिरत फिरतच आडवं ओढलं गेलं होतं. ब्रेक चांगला, चाकाला ब्रेक लागलेला नाही, आणि माणूस शपथेवर सांगतो की मी दाबला. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर दोष पाय आणि पेडल यांच्या मधल्या जागेत असणार.

उशी

बांधणारे गृहस्थ चांगले उंच, लांब पायांचे. माझा मित्र त्यांच्यापेक्षा वीतभर ठेंगणा. पेडलचा कणा तीन वेगवेगळ्या जागी बसवता येईल अशी भोकं आराखड्यात होती. पण विमान एकाच माणसानं उडवायचं म्हटल्यावर त्यांनी आपल्या पायांना जमणारं एकच भोक पाडलं. उरलेली दोन पाडायचं काही कारणच नव्हतं. आसन सरकत नाही, पाठ पत्र्यालाच रिव्हेट केलेली. मित्रानं विमान घेतलं तेव्हा पाय पुरेनात म्हणून त्यानं पाठीमागे फोमची जाड उशी घातली. पेडलचा कणा पुढच्या महिन्यात सरकवू, असं ठरलंही होतं. ते आमच्या दोघांच्या कामाच्या यादीत लिहिलेलं होतं. माझ्याही यादीत.

आम्ही त्याला त्याच उशीसकट आत बसवलं, पट्टे आवळले आणि उजवं पेडल सावकाश दाबायला सांगितलं. पेडल शेवटच्या अडणीपर्यंत गेलं. "पुरतंय की," तो म्हणाला. मग मी म्हणालो, "आता विमान डावीकडे पळतंय असं समज आणि जीव खाऊन दाब."

त्यानं दाबलं आणि पेडल पुढे जायच्या ऐवजी तो स्वतः मागे गेला. फोम चेपला. कमरेचा पट्टा माणसाला पुढे जाऊ देत नाही, पण मागे जाण्यापासून थांबवायचं काम पाठीच्या आसनाचं, आणि ते आसन मऊ होतं. मी पट्टीनं मोजलं. पेडलचा मधल्या स्थितीपासून पूर्ण पल्ला ११ सेंटीमीटर. सावकाश दाबल्यावर तो सगळा मिळत होता. जोर लावल्यावर शेवटचे ३ सेंटीमीटर मिळत नव्हते. रडर पूर्ण ३० अंश वळायचा तो २२ च्या आसपास अडकत होता. आणि पाय इतका ताणला गेला की टाच उचलली गेली, बोटं पेडलच्या वरच्या भागापर्यंत पोचेनात. ब्रेक तिथेच असतो. त्यानं खरंच सगळी ताकद लावली होती. ती सगळी उशीत गेली.

हे कळल्यावर आम्ही बराच वेळ काहीच बोललो नाही.

उड्डाणापूर्वी सगळे कंट्रोल पूर्ण हलवून बघायचे असतात आणि तो ते दर वेळी करत असे. मग हे आधी का दिसलं नाही? दोन कारणं आहेत. एक तर शेपटीचं चाक स्प्रिंगांनी रडरला जोडलेलं असतं. विमान उभं असताना चाक जमिनीला चिकटलेलं, म्हणून पेडल जड लागतं, आणि माणूस ते शेवटापर्यंत न रेटता "हलतंय, बरोबर दिशेनं हलतंय" एवढ्यावर समाधान मानतो. दुसरं असं की त्यानं दाबलं ते हळू दाबलं, आणि हळू दाबल्यावर उशी चेपतच नव्हती. दोष जोर लावला तरच उघडा पडत होता. शांत सकाळच्या तेवीस उतरणींत पूर्ण रडर लागलाच नाही, त्यामुळे पूर्ण रडर नाही हेही कळलं नाही.

आडव्या वाऱ्यात उतरताना वेग कमी होत जातो तशी रडरची ताकद झपाट्यानं घटते. वेग निम्मा झाला की ती चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून शेवटच्या टप्प्यात पूर्ण पेडल लागतं, आणि तेही पुरेनासं झालं की शेपटीचं चाक आणि एका बाजूचा ब्रेक मदतीला घ्यावा लागतो. त्याच्याकडे नेमकं ते शेवटचं एवढंच नव्हतं.

सुई

उशीनं फिरणं का थांबलं नाही ते कळलं. पण विमान इतकं तरंगलं का, उसळलं का, हे उरलंच होतं. सोपं उत्तर "त्यानं वेग जास्त ठेवला" असं होतं. तो मात्र म्हणत होता की सुई ६५ वर होती, आणि उतरायला येताना वेग उचल सुटण्याच्या वेगाच्या १.३ पट ठेवायचा, म्हणजे ५० चे ६५, हे कुठल्याही शिकवणीतलं गणित आहे. ब्रेकच्या बाबतीत त्याचं म्हणणं शब्दशः खरं निघालं होतं, म्हणून याही वेळी मी त्याच्यावर विश्वास ठेवून पुढे गेलो.

त्याच्या छोट्या जीपीएस यंत्रात दर सेकंदाची नोंद होती. शेवटच्या सरळ टप्प्यात जमिनीवरचा वेग ६५ नॉट. सुई ६५, जीपीएस ६५. पहिल्यांदा हे बघून मला बरंच वाटलं, दोन्ही जुळतात म्हणून. मग रात्री झोपताना लक्षात आलं की ते जुळायलाच नकोत. समोरून साडेसहा नॉट वारा होता. हवेतला वेग ६५ असेल तर जमिनीवरचा ५९ च्या आत-बाहेर दिसायला हवा. दिवस थंड, जागा समुद्रसपाटीच्या जवळ, त्यामुळे हवेच्या विरळपणाचा फरक नगण्य. म्हणजे हवेतला खरा वेग ७१ च्या घरात होता आणि सुई सहा नॉट कमी दाखवत होती.

एका सकाळवरून असं काही ठरवणं बरोबर नाही. सुदैवानं त्यानं आधीच्या एका बिनवाऱ्याच्या सकाळी कॉकपिटचं चित्रण केलं होतं. त्यात सुई ६५, आणि त्याच मिनिटाची जीपीएसची नोंद ७१. चार दिशांना उडून सरासरी काढायची नेहमीची पद्धत आता शक्य नव्हती, विमानच मोडलं होतं. मग निदान यंत्र तपासावं म्हणून पारदर्शक नळीत पाणी भरून ती पिटो नळीला, म्हणजे पुढून येणाऱ्या हवेचा दाब घेणाऱ्या नळीला, जोडली. ६५ नॉट वेगाला पुढून येणाऱ्या हवेचा जो दाब बसतो तो पाण्याच्या सुमारे ७० मिलिमीटर स्तंभाएवढा असतो. तेवढा स्तंभ धरला आणि सुई ६५ वर जाऊन थांबली. यंत्र निर्दोष होतं, गळतीही नव्हती. मग चूक दुसऱ्या बाजूनं येत असणार.

वेगाचं यंत्र दोन दाबांमधला फरक मोजतं. एक पिटो नळीतून येतो, दुसरा विमानाच्या अंगावरच्या स्टॅटिक छिद्रातून, जिथे आजूबाजूच्या शांत हवेचा दाब मिळायला हवा. वाहत्या हवेत विमानाच्या अंगावर असा दाब ठरावीक जागीच मिळतो, आणि तोही छिद्राभोवतीचा पृष्ठभाग कसा आहे यावर अवलंबून. या किटच्या आराखड्यात त्या छिद्राला किंचित फुगीर माथ्याचा रिव्हेट सांगितलेला आहे. तो फुगवटा हवेला जरासा वेग देतो आणि तिथला दाब हवा तेवढा उतरतो. बांधणाऱ्यांनी तो रिव्हेट घासून पत्र्याच्या पातळीत आणला होता. बोट फिरवलं तर छिद्र कुठे आहे ते कळू नये, इतकं सुबक काम. त्या सुबकपणामुळे छिद्राशी दाब थोडा जास्त राहत होता, दोन दाबांमधला फरक कमी भरत होता आणि सुई मागे राहत होती. ६५ आणि ७१ नॉटमधला फरक पाण्याच्या स्तंभात मोजला तर जेमतेम १३ मिलिमीटर भरतो. बोटाच्या पेराएवढाही नाही.

जीपीएसनुसार पहिल्यांदा टेकताना जमिनीवरचा वेग ५७ नॉट होता. हेच विमान नीट, तिन्ही चाकांवर, उचल संपत आल्यावर टेकलं असतं तर त्या वाऱ्यात तो ४६ च्या आसपास असता. वेगाच्या वर्गाचा हिशेब केला तर जमिनीवर जिरवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त झाली होती.

आणि एक गोष्ट मला फार लागली. विमान घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं उंचीवर जाऊन स्टॉल करून पाहिला होता, म्हणजे वेग कमी करत नेऊन पंखांची उचल कधी सुटते ते बघितलं होतं. सुई ४४ वर असताना नाक पडलं. तो आनंदानं मला म्हणाला होता, "कागदावर पन्नास लिहिलंय, पण हे चव्वेचाळीसपर्यंत उडतं बघ!" मीही खूष झालो होतो. यंत्र आमच्याशी बोललं होतं. आम्ही ते विमानाची तारीफ म्हणून ऐकलं. त्याच दिवशी ४४ ला १.३ नं गुणलं असतं तर सुईवर ५७ आले असते, आणि त्या आकड्यानं उतरला असता तर उतरणी बऱ्याच आखूड झाल्या असत्या.

ज्यांनी बांधलं ते

मी त्यांना फोन केला. अपघाताचं कळल्यापासून ते अस्वस्थ होते. मी सुईचं विचारलं तर पटकन म्हणाले, "हो, ती थोडी कमी दाखवते. मी कायम साठावरच आणायचो." खरा वेग ६६ म्हणजे अगदी बरोबर. मी विचारलं की हे कुठे लिहिलेलं आहे का. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, "अहो, अकरा वर्षं माझाच हात होता ना त्याच्यावर. लिहायचं काय, असं कधी वाटलंच नाही."

त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही, आणि द्यायचाही नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारातलं १३ वं परिशिष्ट अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा सांगतं, दोष वाटून देणं हा नाही. पण फोनवरच्या त्यांच्या त्या एका वाक्यात या प्रकरणाचं मूळ आहे असं मी मानतो. कारखान्यात बनलेल्या विमानाच्या प्रकाराची चाचणी होते, वेगयंत्राच्या चुकीचा तक्ता तयार होतो, तो पुस्तिकेत छापला जातो, आसनं आणि पेडल वेगवेगळ्या उंचीच्या माणसांसाठी सरकती केली जातात. स्वतः बांधलेलं विमान मात्र एका माणसाच्या अंगावर बेतलेल्या कपड्यासारखं असतं. मापं त्याच्या शरीराची, सवयी त्याच्या हाताच्या, आणि चुकांची भरपाई त्याच्या डोक्यात. विकताना विमान जातं, चाव्या जातात, वह्या जातात. भरपाई मूळ मालकापाशीच राहते.

हे फक्त आमच्या एका विमानाचं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१२ मध्ये अशा विमानांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ साली तिथल्या खासगी व सर्वसाधारण विमानांच्या ताफ्यात स्वतः बांधलेली विमानं जवळपास १० टक्के होती, पण अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के. त्या वर्षी तपासलेल्या अशा अपघातांपैकी निम्म्याहून जास्त विमानं बांधणाऱ्याकडून दुसऱ्यानं विकत घेतलेली होती. नव्या मालकाची सुरुवातीची उड्डाणं विशेष धोक्याची, हे त्या अभ्यासानं स्पष्ट दाखवलं. तिथल्या नियमांत बांधणाऱ्याला स्वतःच्या विमानाच्या वार्षिक तपासणीवर सही करता येईल असं प्रमाणपत्र मिळू शकतं. ते त्या माणसाच्या नावानं असतं, विमान विकलं तरी नव्या मालकाकडे जात नाही. या नियमामागे मला बराच शहाणपणा दिसतो.

गायक जॉन डेन्व्हर यांचा मृत्यू अशाच विमानात झाला, १२ ऑक्टोबर १९९७ रोजी, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरात. बर्ट रुटान यांच्या आराखड्याचं लाँग-ईझी विमान, दुसऱ्या माणसानं बांधलेलं, डेन्व्हर यांनी नुकतंच घेतलेलं. ते नवखे नव्हते, त्यांच्या गाठीला अडीच हजारांहून जास्त तास होते. इंधनाची टाकी बदलायची मूठ बांधणाऱ्यानं आराखड्यातल्या जागी न बसवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती, कारण त्याला इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नको होत्या. त्याच्या दृष्टीनं तो सुरक्षेचाच विचार होता. ती मूठ फिरवायला मागे वळावं लागे, आणि तसं वळताना नकळत उजवा पाय रडरवर दाबला जाऊन विमान हातचं गेलं, असा निष्कर्ष मंडळानं काढला. इंधन न भरता निघणं आणि या प्रकारच्या विमानाचा अपुरा सराव हीदेखील कारणं नोंदवली गेली. मी हे उदाहरण तुलनेसाठी देत नाही, तिथे एक जीव गेला. पण बांधणाऱ्याच्या एका विचारी निर्णयाचं ओझं नंतर दुसऱ्याच्या पायावर कसं येतं, ते तिथे उघड दिसतं.

उसळल्यावर

या सगळ्यातून वैमानिक सुटतो का? नाही, आणि माझा मित्रही सुटू इच्छित नाही. विमान उसळलं त्या क्षणी थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलून पुन्हा फेरी मारायला जाणं हाच मार्ग होता. धावपट्टी पुढे भरपूर होती, इंजिन ठणठणीत होतं. त्याच्याही आधी, विमान तरंगतंय आणि धावपट्टी संपत चालली आहे हे दिसलं तेव्हाच ते करता आलं असतं. मी त्याला विचारलं की का नाही केलंस. तो म्हणाला, "मला वाटत होतं आत्ता बसेल, आत्ता बसेल." सकाळच्या दोन उतरणी सुरेख झाल्या होत्या, त्यांनी तो भरवसा दिला होता. मीही रेडिओ हातात घेऊन उभा होतो आणि "फेरी मार" एवढे दोन शब्द बोललो नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

पण तो फेरी मारून सुखरूप उतरला असता, तर उशी पाठीमागे तशीच राहिली असती आणि सुई सहा नॉट मागेच. ती पुढच्या कधीतरी जास्त वाऱ्याच्या दिवशी, कदाचित शेजारी कुणी बसलेलं असताना उघडी पडली असती. म्हणून एका कारणावर बोट ठेवून चौकशी थांबवणाऱ्यांशी माझं पटत नाही. "वैमानिकानं वेग जास्त ठेवला, उसळल्यावर फेरी मारली नाही" हे वाक्य पूर्ण खरं आहे. त्यात ना उशी सापडते, ना तो घासलेला रिव्हेट.

उजवा पाय आणि त्याची बैठक नवी बसवली आहे. पंखाचा मुख्य कणा शाबूत निघाला, टोकाच्या तीन फासळ्या आणि पत्रा बदलला. प्रॉपेलर जमिनीला लागून इंजिन अचानक थांबलं होतं, म्हणून ते पूर्ण उघडून क्रँकशाफ्ट तपासायला पाठवलं, ते अजून परत आलेलं नाही. पेडलच्या कण्याला उरलेली दोन भोकं पाडून तो आसनाच्या जवळ आणला आहे. पाठीची उशी काढून त्या जागी कडक, न चेपणारा थर आहे. स्टॅटिक छिद्राला फुगीर माथ्याचा रिव्हेट बांधणाऱ्या गृहस्थांनी स्वतः येऊन बसवला. मित्र आत बसला, पट्टे आवळले आणि त्यांनी त्याला जीव खाऊन उजवं पेडल दाबायला लावलं. बाहेर शेपटीशी मी कोन मोजत होतो. ३० आले. मग त्यांनी एक कोरी वही मागवली, हँगरच्या बाकावर बसले आणि संध्याकाळपर्यंत लिहीत राहिले. पहिल्या पानावर वेगाची सुई आहे, दुसऱ्यावर कार्ब्युरेटरची उष्णता केव्हा द्यायची ते, तिसऱ्यावर उजव्या टाकीच्या झाकणाबद्दल काहीतरी आहे, जे मी अजून वाचलेलं नाही.

मित्र सध्या दुसऱ्या, शेपटीच्या चाकाच्याच विमानावर, शेजारी शिक्षक घेऊन, आडव्या वाऱ्याच्या दिवशी मुद्दाम जातो.